फॉर्मॅट मारला तरी कॉम्प्युटर पुन्हा स्लो होतो, तेव्हा नेमकं काय बघायचं

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. कॉम्प्युटर चालू केला की डेस्कटॉप दिसतो, पण पुढची दहा मिनिटं क्लिक करत बसलं तरी काही उघडत नाही. दुकानात नेला की "फॉर्मॅट मारावा लागेल" असं उत्तर मिळतं. फॉर्मॅट मारला की महिना-दीड महिना बरा चालतो आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

इथे डोळ्यांसमोर धरलंय ते साधारण २०११ ते २०१५ दरम्यान असेंबल करून घेतलेलं मशीन: इंटेलचा दुसऱ्या ते चौथ्या पिढीतला आय३ किंवा पेंटियम, एच६१ किंवा एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क आणि वर विंडोज १०. त्याच काळातल्या लॅपटॉपलाही यातलं बहुतेक लागू पडतं.

फॉर्मॅटने फरक का पडतो आणि तो टिकत का नाही

हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. एखादी फाईल वाचायची तर वाचणाऱ्या सुईला, म्हणजे हेडला, तबकडीवरच्या योग्य वर्तुळावर (ट्रॅकवर) पोचायला आठ-नऊ मिलिसेकंद लागतात, आणि मग हवा तो भाग हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं. एकूण बारा-तेरा मिलिसेकंद. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेले छोटे तुकडे वाचताना सेकंदाला पाऊणशे ते ऐंशीच तुकडे हाती येतात. एक तुकडा ४ केबीचा धरला तर वेग झाला सेकंदाला जेमतेम ३०० केबी. जाहिरातीत दिसणारा १५० एमबीचा वेग मोठी सलग फाईल कॉपी करतानाचा असतो. विंडोज चालू होताना मात्र हजारो छोट्या फायली वाचल्या जातात.

नव्याने फॉर्मॅट मारला की विंडोजच्या सगळ्या फायली डिस्कच्या सुरुवातीला, बाहेरच्या ट्रॅकवर, सलग बसतात. तिथला वेग आतल्या ट्रॅकच्या जवळपास दुप्पट असतो. स्टार्टअपमध्ये कोणी नसतं, ब्राउझर कोरा असतो. मग अपडेट येतात, अँटिव्हायरस बसतो, प्रिंटरवाल्याचं 'असिस्टंट' बसतं, ब्राउझर पाठीमागे चालू राहायला लागतो. चालू होताना हे सगळे एकाच हेडला चारी दिशांना पळवतात. म्हणजे फॉर्मॅटने रोग बरा होत नाही, फक्त घड्याळ मागे जातं. अडचण हार्डडिस्कच्या स्वभावातच असेल तर कितीही वेळा फॉर्मॅट मारा, परत तिथेच याल.

अडचण दरवेळी हार्डडिस्कचीच असते असंही नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी मोजायचं.

पहिली पाच मिनिटं टास्क मॅनेजरसमोर

कॉम्प्युटर पूर्ण रिस्टार्ट करा आणि डेस्कटॉप दिसताक्षणी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर छोटा उघडला तर खाली 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा. आता पाच मिनिटं दुसरं काहीही न उघडता सीपीयू, मेमरी आणि डिस्क या तीन रकान्यांकडे बघत बसायचं.

डिस्क १०० टक्क्यांवर चिकटली आहे, पण प्रत्यक्ष वाचन-लेखन सेकंदाला एक-दोन एमबीच दिसतंय, असं असेल तर हेड नुसतं धावतंय. 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये डिस्क निवडली की 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' दिसतो. हार्डडिस्कसाठी १०-२० मिलिसेकंद ठीक. तो सतत काही शे मिलिसेकंद असेल तर डिस्कवर झेपेना इतकं काम पडलंय. आणि काहीच चालू नसताना तो हजारांत उसळत असेल तर डिस्क बहुधा मरायला टेकली आहे.

मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर आणि डिस्कही १०० वर, असं दोन्ही एकत्र दिसलं तर मूळ दोष रॅमचा असू शकतो. रॅम पुरेना म्हणून विंडोज डिस्कवरच्या पेजफाईलमध्ये सामान हलवत बसतं आणि दोष दिसतो डिस्कच्या नावावर.

सीपीयू १०० टक्के आणि डिस्क शांत, असं असेल तर कोणता प्रोसेस वर आहे ते बघा. 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' किंवा 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' असेल तर स्कॅन किंवा अपडेट चालू आहे. तासभर त्याचं त्याला करू द्या, मध्ये बंद केलं तर उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. टास्क मॅनेजर उघडण्याआधी फॅन घोंघावतोय आणि उघडताच सीपीयू झपकन खाली येतो, असं वारंवार होत असेल तर लपून चालणाऱ्या मायनरचा, म्हणजे तुमच्या मशीनवर दुसऱ्यासाठी क्रिप्टोकरन्सी कमावणाऱ्या सॉफ्टवेअरचा, संशय घ्या. विंडोज फुकटात चालू करून देणाऱ्या ॲक्टिव्हेटरबरोबर असले पाहुणे हमखास येतात. अशा मशीनवर साफसफाईचा खटाटोप न करता अधिकृत पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकावं. फॉर्मॅटला खरोखर पर्याय नाही असा हा एक प्रसंग.

तिथेच 'परफॉर्मन्स'च्या सीपीयू पानावर 'अप टाइम' बघा. रोज रात्री शट डाउन करूनही तिथे अठरा-वीस दिवस दिसतात, आणि लोक चक्रावतात. विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप'मुळे शट डाउन पूर्ण होत नाही. गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. ड्रायव्हरचं काही अडकलेलं असेल तर तेही तसंच परत येतं. रिस्टार्ट मात्र खरा असतो. हार्डडिस्क असेपर्यंत ही सोय बंद करू नका, चालू व्हायला आणखी वेळ लागेल. आठवड्यातून एकदा रिस्टार्ट करा, पुरे.

डिस्क मरायला टेकली आहे का, हे सगळ्यात आधी

वेग वाढवण्याच्या भानगडीत पडण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. निळा 'गुड' दिसला तरी खालच्या यादीतल्या चार ओळी स्वतः वाचा: ०५, सी५, सी६ आणि सी७. शेवटच्या 'रॉ व्हॅल्यू'च्या रकान्यात सगळी शून्यं हवीत.

०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून टाकलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे). आकडा लहान आणि स्थिर असेल तर डिस्क काही काळ तग धरते. सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर. घरच्या कॉम्प्युटरचं 'मध्येच अर्धा मिनिट गोठणं' बहुतेकदा इथून येतं, कारण डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून बघते आणि तोवर विंडोज हात जोडून उभं राहतं. सी५ किंवा सी६ शून्य नसेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवून फोटो, सातबारा-खरेदीखताचे स्कॅन, टॅलीचा डेटा, जे काही असेल ते आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. अशा डिस्कवर डीफ्रॅग (विखुरलेले तुकडे सलग लावणं) किंवा पूर्ण चेकडिस्क (सगळ्या डिस्कची तपासणी) चालवणं म्हणजे उरलेलं आयुष्य खर्ची टाकणं.

सी७ वाढत असेल तर डिस्क निर्दोष असण्याची शक्यता चांगली आहे. तो आकडा डेटा केबलमधल्या चुकांचा असतो. साटा केबल बदला, मदरबोर्डवरचं पोर्ट बदला. आकडा खाली येत नाही, पण वाढायचा थांबला की काम झालं. एवढ्याशा केबलपायी चांगल्या हार्डडिस्क भंगारात जातात.

रॅम: किती आहे, किती दिसते, कोणती बसते

विंडोज १० नुसतं उघडून बसलं तरी दीड-दोन जीबी घेतं. वर क्रोममध्ये पाच-सहा टॅब उघडल्या की ४ जीबी संपली. 'परफॉर्मन्स'च्या मेमरी पानावर 'कमिटेड' असा जोडआकडा असतो, उदाहरणार्थ ६.२/७.९. पहिला आकडा तुमच्या प्रत्यक्ष रॅमपेक्षा कायम दीड-दोन जीबीने मोठा असेल तर रॅम वाढवल्याचा फरक लगेच जाणवेल. तो रॅमच्या आतच असेल तर ८ ची १६ करून काही मिळणार नाही.

त्याच पानावर 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' बघा. तिथे शंभर-दोनशे एमबी असणं स्वाभाविक आहे. एक-दोन जीबी दिसत असेल तर तीन कारणं तपासा. विंडोज ३२ बिटचं आहे, त्याला चार जीबीच्या वर वापरता येत नाही आणि प्रत्यक्षात सव्वातीनच्या आसपास मिळतात. उपाय ६४ बिटचं नव्याने टाकणं. किंवा सिस्टिम कॉन्फिगरेशनच्या 'बूट'मधल्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये कोणीतरी 'मॅक्झिमम मेमरी'वर टिक करून ठेवली आहे, ती काढा. किंवा रॅमची पट्टी नीट बसलेली नाही.

पट्टी काढून सोनेरी टोकांवर साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवणं हा दुकानातला जुना उपाय अजूनही चालतो, विशेषतः कोकण-गोव्याच्या पावसाळी दमट हवेत जिथे या टोकांवर थर धरतो. खोडरबराचा चुरा ब्रशने झटकून टाका, स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. पॉवरची केबल काढलेली हवी, आणि आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या.

नवी पट्टी घेताना इथे फसगत होते. एच६१ आणि एच८१ बोर्डवर सहसा दोन स्लॉट असतात आणि एकूण १६ जीबीपर्यंत चालते. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या डीडीआर३ पट्ट्यांच्या वर्णनात बारीक अक्षरात 'एएमडीसाठी' असं लिहिलेलं असेल तर ती इंटेलच्या बोर्डवर चालणार नाही. चिपची रचना वेगळी असते. लॅपटॉपमध्ये व्होल्टेज बघायचं: चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एलच लागते, १.५ व्होल्टच्या पट्टीवर तो चालूच होत नाही. मूळ पट्टीवर 'पीसी३एल' छापलं असेल तर तशीच आणा. आठ जीबीच्या एका पट्टीपेक्षा चार-चारच्या दोन बऱ्या, कारण ड्युअल चॅनेलमध्ये बोर्डवरच्या ग्राफिक्सला दुप्पट रुंद वाट मिळते.

पेजफाईल बंद करून वेग वाढतो हा सल्ला कुठे वाचला असेल तर विसरा. ४ जीबीच्या मशीनवर पेजफाईल बंद केली की ब्राउझर मध्येच आडवा होतो. विंडोजला जी हवी ती ठेवू द्या.

उन्हाळ्यातच स्लो होतो?

मार्च ते जूनमध्ये, विशेषतः दुपारी, मशीन मंदावत असेल तर संशयित बदलतो. फॅन प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. खोली ३० अंशांवरून ४२ वर गेली की प्रोसेसरही तेवढाच वर सरकतो. जळगाव-चंद्रपूरकडे पत्र्याखालच्या खोलीत हे दरवर्षीचं आहे.

एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघा. काम नसताना ४०-५०, जोर पडल्यावर ७०-८० असेल तर ठीक. ९५ च्या पुढे गेलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग पाडतो. टास्क मॅनेजरमध्ये बेस स्पीड ३.३ गिगाहर्ट्झ आणि काम चालू असताना प्रत्यक्ष स्पीड १.६ दिसत असेल तर तेच घडतंय.

कॅबिनेट उघडा आणि प्रोसेसरच्या फॅनखालच्या हीटसिंककडे, म्हणजे उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या (फिनच्या) ठोकळ्याकडे, टॉर्च मारून बघा. पात्यांच्या आणि फिनच्या मध्ये धुळीची गादी झालेली असते, वरून फॅन फिरताना दिसतो पण हवा खाली जातच नाही. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर वाऱ्याने तो मर्यादेपलीकडे फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. एसएमपीएसची (वीजपुरवठ्याच्या डब्याची) जाळीही फुंकून काढा, पण तो डबा उघडू नका. आतले कपॅसिटर वीज धरून ठेवतात.

धूळ काढूनही तापमान उतरलं नाही तर थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहणारा लेप, बदला. दहा वर्षांत ती खडूसारखी सुकलेली असते. मशीन पाच-दहा मिनिटं चालवून बंद करा, म्हणजे पेस्ट मऊ होईल. इंटेलच्या मूळ कूलरला चार पाय असतात, प्रत्येकाच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढलं की पाय सुटतो. कूलर सरळ वर न खेचता आधी हलकासा फिरवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी नवी ठेवा. पसरवायची गरज नाही, दाबाने ती पसरते.

परत बसवताना घोळ होतो तो पायांचा. आधी चारही डोकी बाणाच्या उलट फिरवून मूळ जागी आणा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यातली जोडी आधी दाबा आणि उरलेली नंतर. प्रत्येक वेळी 'टक' आवाज यायला हवा. तीन पाय बसतात आणि चौथा नुसता टेकलेला राहतो, हे फार होतं. मग कूलर एका बाजूने उचललेला राहतो आणि तापमान आधीपेक्षाही वाढतं. बोर्डच्या मागून बघितलं तर चारही भोकांतून पांढऱ्या पायाची दोन टोकं फाकलेली आणि मध्ये काळी काडी पूर्ण आत आलेली दिसली पाहिजे. मागून दिसत नसेल तर प्रत्येक पाय वर ओढून बघा.

लॅपटॉपच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट. काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जर ओळखता आला नाही तर प्रोसेसरचा वेग ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास बांधून ठेवतात आणि बॅटरीही चार्ज करत नाहीत. तापमान कमी, डिस्क शांत, तरी सगळं मुंगीच्या पावलाने चाललंय, असं दिसलं तर दुसरा योग्य वॉटचा चार्जर लावून बघा.

एसएसडी, आणि ती बसवताना काय चुकतं

वरच्या तपासणीत डिस्कच दोषी ठरली, आणि या वयाच्या मशीनमध्ये बहुधा तीच ठरते, तर साधी अडीच इंची साटा एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) हा एकच बदल असा आहे की ज्याने मशीन ओळखू येत नाही. तिला हेड नाही, फिरणं नाही. छोटा तुकडा वाचायला मिलिसेकंदाचाही दशांश लागत नाही. एच६१ बोर्डवरची साटा पोर्टं ३ गिगाबिटची असतात, त्यामुळे ५५० लिहिलेली एसएसडी तिथे २५०-२८० एमबीवर थांबते. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. जाणवणारा फरक सलग वेगाचा नसतो, छोट्या वाचनांचा असतो, आणि तो पूर्ण मिळतो. एच८१ वर दोन पोर्टं ६ गिगाबिटची असतात, एसएसडी त्यातल्याच एकाला लावा. विंडोज आणि नेहमीच्या कामाला २५० जीबीच्या आसपासची पुरते; १२० ची घेतली तर दोन वर्षांत ती भरते, आणि काठोकाठ भरलेली एसएसडी स्वतःच मंदावते. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी राहू द्या. अनोळखी नावाची, अविश्वसनीय स्वस्त '२ टीबी' एसएसडी दिसली तर हात लावू नका, आत लहान मेमरी आणि खोटा आकडा असतो.

जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवायची, म्हणजे क्लोन करायची, की विंडोज नव्याने टाकायचं? सी५ शून्य नसेल तर क्लोन मध्येच अडकतो, तेव्हा प्रश्नच मिटला. डिस्क निरोगी असेल तरी दहा वर्षांचा कचरा उचलून नव्या घरात नेण्यात अर्थ नाही. नव्याने टाकायचा क्रम असा:

१. डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि ब्राउझरचे बुकमार्क विसरले जातात. नॉन-युनिकोड मराठी मजकूर असेल तर त्याचे फॉन्टही घ्या, नाहीतर जुन्या फायली उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतील.

२. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा.

३. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, 'एएचसीआय' करा. जुन्या असेंबल्ड मशीनमध्ये तो 'आयडीई' ठेवलेला सापडतो.

४. जुन्या हार्डडिस्कची केबल काढून ठेवा. ही पायरी गाळली की विंडोज एसएसडीवर जातं, पण बूटचा छोटा भाग बऱ्याचदा जुन्या डिस्कवरच राहतो. सहा महिन्यांनी ती डिस्क काढली की नवं विंडोज चालूच होत नाही.

५. इन्स्टॉल करताना प्रॉडक्ट की मागितली तर 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय घ्या आणि आधी होती तीच आवृत्ती, होम असेल तर होम, निवडा. आधीचं विंडोज १० रीतसर ॲक्टिव्हेट झालेलं असेल तर परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. इंटरनेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

६. सगळं चालल्याची खात्री झाल्यावरच जुनी हार्डडिस्क डेटासाठी परत जोडा, तीही निरोगी असेल तरच. आजारी डिस्क नुसती जोडलेली असली तरी 'धिस पीसी' उघडताना पूर्ण मशीन लटकतं, आणि मग "एसएसडी टाकूनही तेच" अशी तक्रार येते.

एसएसडीला डीफ्रॅग नको. विंडोजचं 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' तिच्यासाठी आपोआप ट्रिम (पुसलेल्या जागेची आवराआवर) चालवतं, ते बंद करू नका.

एसएसडी बसवून वर्ष-दोन वर्षांनी अचानक निळा पडदा येऊ लागला आणि बायोसमधली तारीख मागे गेलेली दिसली, तर एसएसडीवर राग काढण्याआधी मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. सेल संपला की बायोस मूळ सेटिंगवर जातो, साटा मोड परत आयडीई होतो आणि एएचसीआयवर टाकलेलं विंडोज डिस्क शोधू शकत नाही. नवा सेल, पुन्हा एएचसीआय, आणि विंडोज जसंच्या तसं उघडतं. असल्या मशीनवरही उगाच फॉर्मॅट मारले जातात.

सॉफ्टवेअरची साफसफाई, गरजेपुरती

टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' टॅबमध्ये ऑडिओ, टचपॅड आणि अँटिव्हायरस सोडून बाकी सगळं 'डिसेबल' केलं तरी काही बिघडत नाही. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे. 'पीसी क्लीनर', 'ड्रायव्हर अपडेटर', 'रॅम बूस्टर' या नावाचं काहीही असेल तर ते काढणं हाच वेग वाढवण्याचा उपाय. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करून आजच्या विंडोजला वेग येत नाही, एखादं चालू सॉफ्टवेअर बंद पडू शकतं एवढंच. सी ड्राइव्ह मात्र १५ टक्के तरी रिकामा हवा. 'डिस्क क्लीनअप'मध्ये 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबलं की जुन्या अपडेटचे कित्येक जीबी निघतात.

क्रोमच्या सेटिंगमध्ये 'सिस्टिम' खाली ब्राउझर बंद केल्यावरही पाठीमागे चालू राहण्याची परवानगी असते, ती काढा. 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी सेव्हर' चालू करा. कोपऱ्यात "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस" अशा खिडक्या येत असतील तर तो बहुतेकदा व्हायरस नसतो. कुठल्यातरी साइटला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी असते, ती रद्द करा.

बाकी सगळं पळतंय पण यूट्यूब अडखळतंय, याचं कारण निराळं. यूट्यूब व्हिडिओ सहसा व्हीपी९ किंवा एव्ही१ या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतींत पाठवतं. इंटेलच्या बोर्डवरच्या ग्राफिक्सला व्हीपी९ पूर्णपणे हार्डवेअरमध्ये उलगडता येतं ते सातव्या पिढीपासून, आणि एव्ही१ अकराव्या पिढीपासून. त्याआधीच्या मशीनवर ते ओझं प्रोसेसरवर पडतं. एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन यूट्यूबला जुनं एच.२६४ पाठवायला लावतं, जे दुसऱ्या पिढीचं ग्राफिक्सही आरामात उलगडतं. किंवा नुसतं ७२०पी वर बघा.

विंडोज १० नंतर

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केलेल्या घरगुती मशीनसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून चालतं आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप मागतं. रुफससारख्या साधनाने ही अट चुकवून दुसऱ्या-तिसऱ्या पिढीवरही ते टाकता येतं, पण ४ जीबी रॅमवर तो उद्योग करू नये. कोअर टू ड्युओवर तर २४एच२ आवृत्तीपासूनचं विंडोज ११ चालूच होत नाही, प्रोसेसरमध्ये त्याला लागणाऱ्या सूचनाच नाहीत. ३२ जीबी ईएमएमसी (बोर्डवरच बसवलेली साठवण) आणि बोर्डवरच सोल्डर केलेली २ जीबी रॅम असलेल्या छोट्या लॅपटॉपवरही खर्च करू नका. तिथे बदलण्यासारखं काहीच नसतं.

एसएसडी बसवलेल्या एच६१ मशीनवर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती बँकिंग, यूट्यूब, ऑफिसच्या फायली आणि मुलांच्या अभ्यासाला उत्तम चालते. मिंटच्या २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. श्रीलिपी, टॅली किंवा डिजिटल सिग्नेचरचं टोकन यांवर घरातलं काम अडलेलं असेल तर मात्र आधी विचार करा, कारण विंडोजची सॉफ्टवेअर तिथे थेट चालत नाहीत. काही पुसण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, उघडून तासभर वापरा. वायफाय लागतंय का, प्रिंटर चाचणी पान काढतोय का, झोपवल्यावर मशीन परत जागं होतंय का, आणि कीबोर्डच्या यादीत मराठी जोडल्यावर इन्स्क्रिप्टमध्ये जोडाक्षरं नीट पडतात का, एवढं तपासून मगच इन्स्टॉलचं चिन्ह दाबा.